न्यूकॅसल : कोळशाच्या बंदरी

इंग्रजीत एक जुनी म्हण आहे. एखाद्याने निरर्थक खटाटोप केला, की ‘न्यूकॅसलला कोळसा नेलास’ असे त्यास म्हणतात. मिठागरात मिठाची गोणी नेऊन विकण्याचाच तो प्रकार. म्हणीतले न्यूकॅसल इंग्लंडच्या ईशान्येस टाइन नदीच्या काठी वसले आहे. तेथल्या कोळशावर लंडनच्या चुली शतकानुशतके पेटल्या. १९१३ साली ब्रिटनच्या खाणींतून २८ कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला आणि त्यातील सुमारे ७ कोटी टन परदेशी गेला. पुढे काय झाले ते वाचकांना ठाऊक असेलच. २०१५च्या डिसेंबरात त्या देशाची अखेरची खोल खाण बंद झाली, आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावर चालणारे शेवटचे वीजकेंद्रही विझले. मधल्या काळात तर टाइनच्या बंदरात बाहेरचा कोळसा जहाजांतून आणून उतरविला जात होता. म्हणीने जे हास्यास्पद ठरविले होते, ते प्रत्यक्ष घडले.

मला जावयाचे होते ते मात्र दुसऱ्या न्यूकॅसलला. इंग्रज जिथे गेले तिथे आपल्या गावांची नावे घेऊन गेले. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिडनीच्या उत्तरेस सुमारे १६० किलोमीटरवर हंटर नदी समुद्राला मिळते. त्या मुखाशी कोळसा सापडला, तेव्हा गावाला दुसरे नाव सुचण्याचा प्रश्नच नव्हता. माझी भाची व तिचे यजमान तेथल्या रुग्णालयात नोकरी करतात. “मामा, सिडनीचा पूल नि ऑपेरा हाऊस सगळेच पाहतात, तुम्ही बंदरातली माणसं, तुम्हाला आमचं गाव आवडेल,” असे तिने दोन-तीनदा कळविले होते. २०२४च्या ऑक्टोबरात सौ.सह तिच्याकडे चार आठवडे राहण्याचा योग आला.

‘बंदरातली माणसं’ हे तिचे म्हणणे खोटे नव्हे. गोव्यात एका बार्जमालकाच्या कचेरीत मी तीस वर्षे हिशेब लिहिले. डिचोली-साखळीकडचे लोहखनिज मांडवीतून, सावर्डे-कुडचड्याकडचे जुवारीतून बार्जींत भरून खाली आणावयाचे व मुरगावच्या बाहेर नांगरलेल्या जहाजांत चढवावयाचे, या व्यवहारातली प्रत्येक पावती कधी ना कधी माझ्या हाताखालून गेलेली आहे. त्यामुळे परक्या गावी गेलो तरी देऊळ, बाग, वस्तुसंग्रहालय यांच्याआधी माझी नजर धक्क्याकडे जाते. सौ.ना हा स्वभाव ठाऊक आहे. त्या भाचीबरोबर बाजारात गेल्या आणि मी पहिल्याच सकाळी समुद्राकडे निघालो.

नदीच्या मुखावर नॉबी नावाची टेकडी आहे व तिच्यावर दीपगृह. पूर्वी हे एक सुटे बेट होते. १८१८ साली बेट आणि किनारा यांच्यामध्ये दगडी बांध घालण्यास आरंभ झाला, आणि ते काम संपावयास १८४६ साल उजाडले. बांधासाठी राबले ते कैदी. त्या बांधावर उभे राहिले की डाव्या हाताला बंदराची चिंचोळी वाट, उजव्या हाताला स्नानाची सुंदर पुळण आणि समोर क्षितिजावर जहाजे. मी मोजली, अकरा होती. सारी रिकामी, पाण्यावर उंच आलेली, तळाचा तांबडा रंग दिसणारी. भरलेले जहाज आणि रिकामे जहाज लांबूनही ओळखता येते, ही विद्या मात्र मला इथे उपयोगी पडली. येथे जहाज रिकामे येते आणि भरून जाते. आमच्या बंदराचेही पूर्वी तसेच होते.

या गावाचा जन्मच कोळशापोटी झाला. मूळचे रहिवासी अवाबकल व वोरिमी लोक. त्यांना कोळसा ठाऊक होता, त्यांच्या भाषेत त्याला शब्दही होता. १७९७ साली लेफ्टनंट जॉन शॉर्टलंड हा पळालेल्या कैद्यांचा माग काढीत या मुखाशी आला. कैदी मिळाले नाहीत, पण कड्यातून डोकावणारे काळे थर दिसले. नदीला त्याने गव्हर्नर हंटरचे नाव दिले. लोक मात्र कित्येक वर्षे तिला ‘कोळशाची नदी’च म्हणत. पुढे येथे कैद्यांची वसाहत झाली. सिडनीत ज्यांनी पुन्हा गुन्हा केला त्यांना इकडे पाठवीत. कड्यात खणणे, देवदाराची झाडे तोडणे आणि शिंपल्यांचा चुना भाजणे ही त्यांची शिक्षा. चुन्याच्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांचे हाल सर्वांत वाईट असत.

आणि आता एक गंमत सांगतो, जी ऐकून मी थबकलोच. १७९९ साली, म्हणजे कोळसा दिसल्यापासून अवघ्या दोन वर्षांत, येथला कोळसा ‘हंटर’ नावाच्या जहाजात भरून बंगालला रवाना झाला. ऑस्ट्रेलियाची ही पहिली निर्यात मानली जाते. आज त्या देशाचा जो प्रचंड व्यापार आहे त्याचे पहिले गिऱ्हाईक आपण! आणि तेही अशा वेळी, की त्याच बंगालात राणीगंजला १७७४ पासून कोळसा काढण्याचा उद्योग सुरू झालेला होता. घरचा कोळसा जमिनीत पडून असता समुद्रापलीकडचा आणावयाचा, ही आपली रीत इतकी जुनी आहे.

बांधावरून परत येताना फोर्ट स्क्रॅचली नावाचा किल्ला लागतो. १८८२ साली बांधलेला, रशियन आरमाराच्या धास्तीने. रशियन कधी आले नाहीत. आले ते जपानी. ८ जून १९४२च्या रात्री एका जपानी पाणबुडीने शहरावर तोफा डागल्या आणि किल्ल्यानेही उलट गोळे टाकले. नुकसान फारसे झाले नाही. या घटनेनंतर पंचवीस-तीस वर्षांच्या आत जपान हा या बंदराचा मोठा ग्राहक झाला व आज तोच सर्वांत मोठा आहे. आम्हा गोवेकरांना याचे नवल वाटू नये. महायुद्धात बेचिराख झालेल्या जपानच्या पोलाद भट्ट्या पुन्हा पेटल्या, त्यांच्यात आमच्या डोंगरांचे लोहखनिज होते. जपानने एका हाताने गोव्याचे खनिज घेतले, दुसऱ्या हाताने ऑस्ट्रेलियाचा कोळसा. या दोन गावांची एकमेकांशी ओळख नव्हती, पण भट्टी एकच.

नदीच्या पलीकडे कूरागांग बेट आहे. भाचीच्या यजमानांनी एका रविवारी मोटारीने त्या बाजूस नेले. आत जाण्यास परवानगी नसते. कुंपणाबाहेरून जेवढे दिसते तेवढे पाहावयाचे. पण तेवढेही पुरे. काळ्या डोंगरांची रांग, एकेक पाव-अर्धा किलोमीटर लांब, वरून पाण्याचे फवारे उडताहेत. वरच्या खोऱ्यातून आगगाड्या येतात, एकेक गाडी जवळजवळ दीड किलोमीटर लांबीची. गाडी थांबत नाही. संथ गतीने सरकत असतानाच वाघिणींचे तळ उघडतात, कोळसा खालच्या खड्ड्यात पडतो, पट्ट्यावरून ढिगाकडे जातो. ढिगावर चाकाला बादल्या लावलेली अजस्र यंत्रे फिरतात. ती तो पुन्हा उकरून दुसऱ्या पट्ट्यावर टाकतात आणि तो पट्टा थेट जहाजाच्या पोटात. ताशी सुमारे दहा हजार टन. आमच्याकडे ७०-७५ हजार टनांचे जहाज भरावयाचे म्हणजे पस्तीस-चाळीस बार्जींच्या खेपा, शंभर माणसांची आरडाओरड, भरती-ओहोटीचे गणित आणि एखादी बार्ज वाळूत रुतली की मालकाच्या शिव्या. इथे तासभर उभा होतो, त्या वेळात मला उघड्यावर चार माणसे दिसली.

या बंदरातून अलीकडच्या वर्षांत दरसाल १४ ते १६ कोटी टन कोळसा बाहेर जातो. जगातल्या कोळशाच्या सर्वांत मोठ्या बंदरांत त्याची गणना होते. एवढेच नव्हे, तर वीजकेंद्रांत जाळावयाच्या कोळशाचा आशियातला भाव ‘न्यूकॅसलचा भाव’ म्हणूनच सांगितला जातो. त्या भावाची चाल पाहिली तर शेअरबाजारातला सटोडियादेखील घाबरेल. २०२०च्या सप्टेंबराच्या सुमारास, करोनाच्या साथीत, टनाला ५० डॉलरपर्यंत घसरलेला भाव दोनच वर्षांनी ४०० डॉलरच्या वर गेला. रशियाने युक्रेनवर स्वारी केली, युरोपने रशियाचा कोळसा वर्ज्य ठरविला आणि जो तो जहाजे घेऊन इकडे धावला. मी तेथे होतो तेव्हा तो दीडशेच्या थोडा खाली आला होता.

मागणी वाढली की बंदराबाहेर रांग लागते. २००७ साली ती इतकी लांबली होती, की पन्नासाहून अधिक जहाजे किनाऱ्यासमोर नांगरून होती. त्यांतच ८ जूनला मोठे वादळ झाले, आणि ‘पाशा बल्कर’ नावाचे रिकामे जहाज नॉबीच्या पुळणीवर, अगदी नहाणाऱ्यांच्या जागी, येऊन बसले. खलाशांना हेलिकॉप्टरने उचलले. जवळजवळ साडेतीन आठवडे ते २२५ मीटरचे तांबडे धूड तेथे होते आणि लोक सहकुटुंब येऊन त्याच्यापुढे छायाचित्रे काढून घेत होते. २ जुलैला ते ओढून काढण्यात आले. भाचीच्या शेजाऱ्यांच्या घरात त्याचे चित्र भिंतीवर टांगलेले आहे, आपल्याकडे एखाद्या तीर्थक्षेत्राचे असावे तसे.

या शेजाऱ्यांविषयी थोडे सांगावयास हवे. वय सत्तरीपुढचे, पत्नी वारलेली. चाळीस वर्षे कोळशाच्या गाड्या हाकल्या, आता अंगणात टोमॅटो लावतात. वडील पोलादाच्या कारखान्यात होते. १९१५ साली सुरू झालेला तो कारखाना १९९९च्या सप्टेंबरात बंद पडला. त्याआधी दहा वर्षे, २८ डिसेंबर १९८९ला, येथे भूकंप होऊन तेरा माणसे दगावली होती. “दोन्ही वेळा पेपरांनी लिहिले, की न्यूकॅसल संपले,” ते म्हणाले. “संपले नाही. पण जे उरले ते दुसरेच गाव आहे. माझे वडील आज आले तर त्यांना हॉटेले दिसतील, विद्यापीठ दिसेल, तुमच्या भाचीचे रुग्णालय दिसेल. आपल्या ओळखीचा एक माणूस भेटेल तर शपथ.”

त्यांचा नातू वीजतंत्री. नुकतीच उमेदवारी पुरी झालेली. त्याला वरच्या खोऱ्यात एका खाणीवर काम मिळत होते. पगार शहरातल्या दीडपट. दुसरे काम विजेच्या तारा उभारणाऱ्यांकडे, पगार कमी. आजोबांचे मत विचारले जात होते, आणि आजोबांना ते देता येत नव्हते. मी बंदरातला जुना कारकून आहे असे कळल्यावर त्यांनी सरळच विचारले, “तुमच्याकडे खाणी बंद झाल्या ना? तेव्हा काय झाले ते सांगा.”

मी सांगितले. २००० नंतर चीनची भूक वाढली, आमचे हलक्या प्रतीचे खनिजही सोन्याच्या भावाने जाऊ लागले. २०१०-११ साली गोव्याच्या बंदरांतून ५ कोटी टनांच्या आसपास खनिज गेले. खेड्यातल्या पोरांनी कर्जे काढून टिप्पर घेतले. एकाचे दोन, दोनाचे चार. मालकांनी नव्या बार्जी बांधावयास टाकल्या. बेकायदा उत्खननाचा बोभाटा झाला, चौकशी आयोग बसला, आणि २०१२च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबविल्या. पुढे थोड्या सुरू झाल्या, तर २०१८ साली ८८ पट्ट्यांचे परवाने रद्द होऊन पुन्हा बंद. डोंगर पोखरणारे थांबले याचे दुःख करण्याचे कारण नव्हते. नद्या गाळाने भरल्या होत्या, शेतात लाल चिखल उतरला होता, हे मीही पाहिलेले आहे. पण हप्ता न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही. टिप्पर दारात उभे राहून गंजले. आमच्या कचेरीतल्या बार्जी एकेक करून भंगारात गेल्या. शेवटच्या बार्जेचे वजन किलोत लावून जी पावती झाली ती माझ्याच हातची. तिच्यावरचा तांडेल पुढे मडगावात एका हॉटेलचा रखवालदार झाला. २०२४ साली डिचोलीचा पट्टा लिलावानंतर पुन्हा चालू झाला, पण मधल्या बारा वर्षांत जे घरदार पांगले ते परत आले नाही.

शेजारी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्हाला न्यायालयाने थांबविले. आम्हाला कोण थांबविणार, ते आम्हालाच ठाऊक नाही.”

त्यांचे हे वाक्य मला नेमके वाटले. तेथल्या वास्तव्यात वर्तमानपत्रे वाचून, भाचीच्या यजमानांशी वाद घालून मला जे उमगले ते असे. कोळशाची जागतिक मागणी उतरणीला लागली, असे आपण दहा वर्षे ऐकतो आहोत. प्रत्यक्षात २०२४ साली जगाने जवळजवळ ८८० कोटी टन कोळसा जाळला, तो उच्चांक होता. मग निर्यातदारांनी काळजी का करावी? कारण जळणाऱ्या कोळशापैकी समुद्र ओलांडतो तो जेमतेम सहावा हिस्सा. बाकीचा ज्या देशात निघतो तिथेच जळतो. चीन आपल्याच खाणींतून वर्षाला ४७० कोटी टनांहून अधिक काढतो. भारताचे उत्पादन २०२४-२५ साली प्रथमच शंभर कोटी टनांच्या पलीकडे गेले आणि त्याच वर्षी आयात सुमारे २६ कोटी टनांवरून २४ कोटींवर आली. म्हणजे कोळसा अधिक जळूनही जहाजे रिकामी राहू शकतात. मागणी म्हणजे जणू एकच एक नदी, असे समजून चालणारा फसतो.

शिवाय न्यूकॅसलची गिऱ्हाइके वेगळी. जपान, तैवान, दक्षिण कोरिया. त्यांच्या पोटात कोळसा नाही. जो घ्यावयाचा तो बाहेरूनच, आणि तोही कमी राखेचा, उंची. २०११ साली फुकुशिमाचा अपघात झाल्यावर जपानने अणुवीजकेंद्रे बंद केली, त्या बंद केंद्रांचा भार या हंटर खोऱ्याने उचलला. पण जपान व कोरिया या दोघांनीही २०२०च्या ऑक्टोबरात जाहीर केले, की २०५०पर्यंत आम्ही कर्बमुक्त होणार. घोषणा त्या घोषणाच, त्या पाळल्या जातीलच असे कोण सांगेल? परंतु खाण तीस वर्षांसाठी उघडावयाची असते, आणि गिऱ्हाइकाने पंचवीस वर्षांनी दुकान बदलण्याची नोटीस दिलेली असली की सावकार विचार करतो. याच बंदरात कोळशाचा चौथा टप्पा बांधण्याची योजना होती. २०१८ साली ती सोडून देण्यात आली.

उलट इंडोनेशियाकडे पाहा. २०२३ साली त्या देशाने ५० कोटी टनांहून अधिक कोळसा बाहेर पाठविला. हलक्या प्रतीचा, पण स्वस्त व जवळचा. बोर्निओतल्या महाकाम नदीतून तो बार्जींतून खाली येतो. आमच्या मांडवीसारखाच! बार्जींची ती रांग एकदा डोळ्यांनी पाहावी अशी माझी इच्छा आहे, सौ.ची नाही.

राजकारणाचाही फटका बसतो. २०२०च्या ऑक्टोबरापासून २०२३च्या जानेवारीपर्यंत चीनने ऑस्ट्रेलियाचा कोळसा जवळजवळ घेतलाच नाही. त्या भांडणात ‘जग आनंद’ हे भारतीय जहाज सापडले. ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन २०२०च्या जूनमध्ये ते चीनच्या जिंगटांग बंदराबाहेर पोचले. माल उतरवू देईनात, खलाशांना उतरू देईनात. तेवीस भारतीय खलाशी जानेवारी २०२१पर्यंत त्याच्यावर अडकून होते. ‘अनास्तासिया’ नावाच्या दुसऱ्या जहाजावर आणखी सोळा. गोव्यात, रत्नागिरीत, मुंबईत ज्या घरांतला कोणी ना कोणी जहाजावर आहे, तिथे त्या दिवसांत काय वाटले असेल ते या मासिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. गंमत अशी, की चीनने नाकारलेला माल दुसऱ्या देशांनी घेतला, त्या देशांनी सोडलेला चीनने घेतला, आणि जगभरची जहाजे नुसती अधिक फिरली.

आपल्या मुरगावास जो कोळसा उतरतो त्यात ऑस्ट्रेलियाचा असतो, पण तो मुख्यतः या बंदराचा नव्हे. न्यूकॅसलचा बहुतेक कोळसा विजेसाठीचा. पोलादाच्या भट्टीला लागणारा उंची कोक-कोळसा उत्तरेकडील क्वीन्सलंडातल्या हे पॉइंटसारख्या बंदरांतून निघतो. आपल्या देशात पोलाद वाढते आहे आणि झरियाचा कोळसा राखेने भरलेला. तेव्हा ही आयात ५-६ कोटी टनांच्या घरात आहे व ती लवकर सुटण्यासारखी नाही. पूर्वी त्यात ऑस्ट्रेलियाचा वाटा फार मोठा असे. आता रशिया, अमेरिका, मोझांबिक हेही आले. मुरगावातून तो ब्रागांझा घाट चढून बळ्ळारीकडे जातो. वास्कोतली धूळ, २०१७च्या जनसुनावण्या, २०२०च्या नोव्हेंबरात चांदरला रेल्वेरुळांवर रात्र जागविणारे लोक, आणि २०२२च्या मे महिन्यात मोलेच्या जंगलातून दुसरा रूळ टाकण्यास न्यायालयाने दिलेला नकार, हे सर्व आपल्यासमोर घडले. न्यूकॅसलच्या लोकांनाही वाघिणी झाकून न्याव्यात अशी मागणी वर्षानुवर्षे करावी लागली आहे, हे ऐकून मला विचित्र समाधान वाटले. एकाच धंद्याची दोन टोके, आणि दोन्ही टोकांना बायका वाळत घातलेले कपडे झटकून पाहतात.

एक दिवस वरच्या खोऱ्यात गेलो. सिंगलटन, मसलब्रूक. वाटेत द्राक्षमळे, त्यापुढे शर्यतीच्या घोड्यांची कुरणे, आणि मध्येच जमीन अशी उघडी पडलेली, की आमच्या सत्तरीतले खड्डे तिच्यापुढे परसातल्या आळ्यासारखे वाटावेत. मसलब्रूकजवळची माउंट आर्थर ही खाण तिच्या कंपनीने विकावयास काढली होती. योग्य गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा २०२२ साली त्यांनी जाहीर केले, की २०३०पर्यंत स्वतःच चालवू व मग बंद करू. सुमारे दोन हजार माणसे तेथे काम करतात. आठ वर्षांची आगाऊ सूचना! आमच्याकडे आठ दिवसांचीही नव्हती. जवळच लिडेल नावाचे जुने वीजकेंद्र २०२३च्या एप्रिलात बंद झाले आहे, त्याच्या चिमण्या लांबून दिसत होत्या. गावात उपाहारगृहे भरलेली, मोटारी नव्या. २०२४च्या जुलैपासून राज्य सरकारने कोळशावरचे स्वामित्वधन वाढविले आहे, त्याविरुद्ध एका दुकानात तावातावाने चर्चा चालली होती. सुबत्तेच्या काळातली ही भांडणे मी ओळखतो.

विरोधाचा सूरही तेथे आहे, आणि तो परका नाही, घरचाच आहे. २०२३च्या नोव्हेंबरात शेकडो लोक लहान होड्या वल्हवीत बंदराच्या वाटेत उतरले आणि तीस तास त्यांनी जहाजे अडविली. मुदत संपल्यावरही न हटणाऱ्या १०९ जणांना अटक झाली. त्यांत ९७ वर्षांचे एक धर्मोपदेशक होते. भाचीच्या रुग्णालयातल्या दोन परिचारिकाही होडीत होत्या. त्यांपैकी एकीचा नवरा खाणीवर कामाला आहे, असे भाची म्हणाली. “मग घरी भांडण होत नाही?” असे सौ.नी विचारले. “होतं की, मामी. पण जेवण एकत्रच होतं.”

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी शेजारी टोमॅटोची टोपली घेऊन आले. नातू बरोबर होता. उंच, लाजाळू पोरगा. त्याने मला एकच प्रश्न विचारला, की ज्यांनी टिप्पर घेतले नव्हते त्यांचे काय झाले? मी जरा आठवून सांगितले, की त्यांना खाण बंद झाल्यावर दोन वर्षे कठीण गेली, मग निभावले. त्याने मान हलविली.

नोव्हेंबरच्या अखेरीस भाचीचा फोन आला. होड्यांनी पुन्हा बंदर अडविले होते, या खेपेस १७० जणांना पकडले. पोराने खाणीवरचे काम घेतले आहे, तीन वर्षांच्या कराराने. नवी मोटार मात्र घ्यावयाची नाही, हप्त्याने तर नाहीच नाही, आजोबांची जुनीच वापरावयाची, अशी अट त्याला घालण्यात आली आहे म्हणे.